आपल्या देखरेखीखालील बाग

हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीला लागून, शिलाईची खोली होती. छताखालून गरम पाण्याचे दोन जाडजूड पाइप गेलेले, भिंतीला टेकून मशीन, आणि टेबलावर रोजचा ढीग: फाटलेल्या चादरी, उसवलेले गाऊन, नाड्या तुटलेले मास्क. त्या ढिगामागे सव्वीस वर्षं जी बाई बसली तिला सगळे टाकेबाई म्हणत. ‘‘डॉक्टर माणसांना टाके घालतात, मी चादरींना,’’ असं त्या नव्या माणसाला हमखास सांगायच्या. ‘‘माझे पेशंट मात्र कुरकुरत नाहीत.’’ आणि समोरचा हसायच्या आत स्वतःच हसून मोकळ्या व्हायच्या.

हसऱ्या होत्या, पण रागही नाकाच्या शेंड्यावर. स्वतःला कुणी टाकून बोललं तर एकवेळ गिळतील, पण वस्तूचे हाल झालेले त्यांना पाहवत नसत. कुणी चांगल्या चादरीचं फडकं केलं, की टाकेबाई ते फडकं हातात घेऊन चार मजले चढायच्या आणि करणाऱ्याच्या नाकासमोर धरायच्या. ‘‘हे काय आहे? नाही, तुम्हीच सांगा, हे काय आहे?’’

खोलीला एकच खिडकी होती, पार छताजवळ. तिच्यातून दिसायचा तो दोन इमारतींमधला चौक. जुना भाग पाडला तेव्हाच्या विटा, चुन्याचे गठ्ठे, फरश्यांचे तुकडे, सगळं तिथेच टाकून लोक विसरून गेले होते. अकरा ते तीन कडक ऊन. एरवी मांजरंसुद्धा तिकडे फिरकत नसत.

या चौकात झाड कसं आलं त्याची गोष्ट अशी. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर एक दिवस एक कुंडी घेऊन खाली आल्या. कुणा पेशंटचे नातेवाईक ती खिडकीत विसरून गेले होते. पानं स्ट्रॉबेरीसारखी, तीन-तीन दलांची, पण त्यांवर बारीक चंदेरी लव. म्हणजे असावी, कारण पानं निम्मी पिवळी पडली होती आणि बुंध्यापाशी काळं झालं होतं.

‘‘टाकेबाई, बघा काही करता येतं का. आम्ही सगळ्यांनी इतकी काळजी घेतली हो! येता-जाता प्रत्येकजण पाणी घालत होता.’’

‘‘म्हणूनच मेलंय ते,’’ टाकेबाई म्हणाल्या. झाडांमधलं त्यांना तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण कुजलेल्या कापडाचा वास कळत होता, आणि हा वास तोच होता. त्यांनी झाड उपटलं, कापडाच्या कात्रीने कुजकी मुळं छाटली, उरलेला ठोंब एक दिवस वर्तमानपत्रावर वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौकात जाऊन विटांच्या चुऱ्यात खोचला. ‘‘जगायचं तर जग,’’ त्याला बजावलं, आणि पुन्हा कामाला लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात घडी घातलेलं एक पान वर आलं. नव्या सुईसारखं चकाकत होतं. पुढच्या वर्षी फूल आलं. सुई बोटात घुसल्यावर जो पहिला थेंब वर येतो ना, काळपट लाल, तसं. पाच पाकळ्या, मध्ये अंधार. टाकेबाई डबा हातात घेऊन उभ्याच राहिल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढची अकरा वर्षं त्यांची अर्ध्या तासाची सुट्टी त्या चौकात गेली. शिकवायला कुणी नव्हतं, झाडानेच शिकवलं. खत घातलं की नुसती पानं माजतात आणि फुलं रुसतात. पाणी द्यायचं ते मुळाशी, तेही माती पार कोरडी झाल्यावर. बुंध्याभोवती बारीक खडी पसरायची, म्हणजे पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. पहिला बहर ओसरला की दांडे कापायचे, दुसरा बहर येतो. तीन वर्षांनी ठोंब मधून पोकळ व्हायला लागतो. तेव्हा तो खणून काढायचा, सुरीने चार तुकडे करायचे, चार ठिकाणी लावायचे. शिवाय गळालेल्या बियांची रोपं विटांतून आपोआप उगवतात, तीही राखायची. दांडे लांब, जरा वारा आला की जमिनीवर लोळायचे. टाकेबाईंचे यजमान सायकली दुरुस्त करायचे. मोडक्या चाकांच्या तारा ते सरळ करून, टोकं वळवून बायकोच्या पिशवीत टाकून ठेवायचे. काही बोलायचे नाहीत. बोलणं हा त्या घरात बायकोचा प्रांत होता.

एका ठोंबाचे दोनशे झाले. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून पाहिलं तर चौकात चांदीचा पत्रा अंथरल्यासारखा दिसायचा आणि त्यावर लाल शिंतोडे. एक वयस्कर मास्तर पाठीच्या ऑपरेशननंतर दोन महिने खिडकीशी पडून होते. ते रोज सिस्टरांकडे चिठ्ठी देऊन खाली पाठवायचे: ‘आज एकशे बारा. काल तुम्ही डावीकडची तोडलीत, ते मला आवडलेलं नाही.’ टाकेबाई उलट चिठ्ठी पाठवायच्या: ‘सुकलेली होती. चष्मा लावा.’

हॉस्पिटलच्या कार्यालयाला मात्र या बागेचा पत्ता नव्हता. पाचव्या वर्षी टाकेबाईंनी चौकात एक नळ द्यावा म्हणून रीतसर अर्ज केला होता. बादल्या वाहून खांदा दुखायला लागला होता. दीड महिन्याने उत्तर आलं: ‘सदर जागेत बाग अस्तित्वात नाही, सबब नळजोडणीचा प्रश्न उद्भवत नाही.’ टाकेबाईंनी ते पत्र यजमानांना वाचून दाखवलं, एकदा नव्हे, चारदा. ‘‘अस्तित्वात नाही! त्यांनी नुसती मान वाकडी करून खाली बघितलं असतं तर? मान वाकडी करायला काय पडतं हो?’’ मग ते पत्र त्यांनी बटणांच्या डब्यात ठेवून दिलं आणि बादल्या वाहत राहिल्या.

नवे प्रशासक आले आणि सगळं बदललं. गृहस्थ टापटिपीचे, गोड बोलणारे. पहिल्याच सभेत ‘‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’’ म्हणाले. टाकेबाई शेवटच्या रांगेतून पुटपुटल्या, ‘‘म्हणजे आता भांडणं होणार.’’

चार महिन्यांनी हॉस्पिटलचं नवं माहितीपत्रक निघालं. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. त्याचा एक गठ्ठा चुकून चादरींबरोबर तळघरात आला. टाकेबाईंनी वरचं उचललं. मुखपृष्ठावर त्यांची बाग होती. चंदेरी पानं, लाल फुलं, सायकलच्या तारांसकट. आत लिहिलं होतं: ‘आमच्या उद्यान-सल्लागारांच्या कल्पकतेतून साकारलेला उपचार-चौक.’ सल्लागारांचा हसरा फोटो होता, नाव होतं, पदव्या होत्या.

आणि मुखपृष्ठाच्या डाव्या कोपऱ्यात अर्धा तपकिरी बूट होता. टाकेबाईंचा. टाचेला त्यांनी स्वतः घातलेला टाका स्पष्ट दिसत होता.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी पोचेपर्यंत ती उतरली नव्हती. ‘‘मी तिथे होते,’’ त्या यजमानांना म्हणाल्या. ‘‘फोटो काढताना मी तिथे उभी होते. तो फोटोवाला मला म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा. आणि मी झाले! मूर्खासारखी झाले! वर त्याला विचारलं, पाणी हवंय का.’’

यजमानांनी माहितीपत्रक दिव्याखाली धरलं, बराच वेळ पाहिलं. ‘‘तारा चांगल्या आल्यात,’’ ते म्हणाले. टाकेबाईंनी ते त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं.

पण खरं संकट पुढेच होतं. कागदावर बाग आपली म्हटल्यावर ती आपण केलेली दिसायला हवी, असं सल्लागारांना वाटलं असावं. एका सकाळी चौकात काळ्या मातीची पोती येऊन पडली, खताची पोती आली, पाइपांची भेंडोळी आली. टाकेबाई मशीन तसंच सोडून धावत वर गेल्या.

‘‘अहो साहेब, हे काय चाललंय?’’

सल्लागारांनी वळून पाहिलं. ‘‘मातीचा दर्जा सुधारतोय. इथे नुसता राडारोडा आहे.’’

‘‘राडारोडा आहे म्हणूनच ती जगलीत! त्यांना काळी माती नाही चालत. आणि हे पाइप कशाला?’’

‘‘सकाळ-संध्याकाळ तुषार सिंचन. आपोआप.’’

‘‘दिवसातून दोनदा? पानांवरून? साहेब, बुंध्यात पाणी साचलं की महिन्यात मरतील. मी अकरा वर्षं बघतेय.’’

ते समजूतदारपणे हसले. ते हसणं टाकेबाई पुढे कधी विसरल्या नाहीत. ‘‘बाई, तुमचं या झाडांवर किती प्रेम आहे ते मला कळतं.’’

‘‘प्रेम नाही हो! ही माहिती आहे!’’

तिसऱ्या दिवशी चौकाच्या दाराला नवं कुलूप लागलं. किल्ली सुरक्षारक्षकाकडे, आणि यादीत शिलाई विभागाचं नाव नाही. टाकेबाई प्रशासकांच्या दारात दोनदा जाऊन बसल्या. दोनदा ‘मीटिंगमध्ये आहेत’ ऐकून परतल्या. मग उरली छताजवळची खिडकी. स्टुलावर उभं राहिलं की नजर बरोबर बुंध्यांच्या पातळीला यायची. सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच, फवारे फुस्स करून सुरू व्हायचे. आधी पानांवरची चांदी गेली. मग पानं हिरवट, लुसलुशीत, मोठी झाली. वरून पाहणारे म्हणाले, काय टवटवीत दिसतायत! टाकेबाईंना खालून काळे पडत चाललेले बुंधे दिसत होते. पाचव्या आठवड्यात ठोंब आडवे झाले, एकामागून एक. त्या काच ठोठावायच्या, जणू झाडं ऐकणार होती. ‘‘माझ्या डोळ्यांदेखत मारतायत,’’ त्या सिस्टरांना म्हणाल्या, ‘‘आणि मला काचेच्या आड उभं केलंय.’’

ट्रस्टींची पाहणी तीन आठवड्यांवर आली होती आणि चौकात चिखल होता. कुणाच्या तरी माथी ते मारणं भाग होतं. सोमवारी टाकेबाईंच्या टेबलावर पाकीट आलं. ‘आपल्या देखरेखीखालील चौकातील बागेची आपल्या निष्काळजीपणामुळे मोठी हानी झाली आहे. शुक्रवारी चौकशीस हजर राहून खुलासा करावा.’

टाकेबाईंनी ते वाचलं. मशीनवर बसून एक गाऊन पुरा शिवला. मग पुन्हा वाचलं. त्यांना रडू येत नव्हतं. गाऊनची बाही उलटी जोडली गेली होती, ती उसवायला घेतली.

घरी मुलगी आली होती. एका बँकेत नोकरीला, हिशेबी, शांत डोक्याची. ‘‘आई, माफी मागून टाक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कशाला डोक्याला ताप?’’

‘‘माफी कशाची मागू? आधी बाग नव्हतीच. मग झाली तर त्या पदवीवाल्याची झाली. आणि मेली तेव्हा माझी?’’

‘‘अगं, तू बरोबर आहेस, पण बरोबर असून काय होतं?’’

‘‘हे तुला कुणी शिकवलं गं? मी तर नाही शिकवलं!’’

यजमान कोपऱ्यात ट्यूबला ठिगळ लावत होते. ते मान वर न करता म्हणाले, ‘‘लेखी काही देऊ नकोस. रागात तुझं अक्षर लागत नाही. जाऊन बोल.’’

शुक्रवारी टाकेबाई धुतलेला ॲप्रन घालून वर गेल्या. टेबलापलीकडे प्रशासक, शेजारी सल्लागार, आणि कर्मचाऱ्यांच्या बाजूने मोठ्या सिस्टर. कोपऱ्यात टंकलेखिका.

‘‘बसा,’’ प्रशासक म्हणाले. ‘‘घाबरू नका. आपण एक—’’

‘‘कुटुंब. ठाऊक आहे.’’ टाकेबाई बसल्या नाहीत. त्यांनी खिशातून तीन कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. ‘‘हे नळाचं पत्र. यात तुम्ही म्हणता, बाग नाही. हे माहितीपत्रक. यात म्हणता, बाग आहे, यांची आहे. आणि हा मेमो. यात म्हणता, बाग माझी आहे आणि मी ती मारली. तिन्हींवर हॉस्पिटलचाच शिक्का आहे. कुठला खरा तेवढं सांगा. मग मी खुलासा करते.’’

प्रशासकांनी नळाचं पत्र उचललं, उलटं करून पाहिलं, मागेही काही सापडेना.

‘‘हे माझ्या आधीचं आहे,’’ ते म्हणाले.

‘‘शिक्का तोच आहे.’’

सल्लागार खाकरले. ‘‘मूळ लागवड काही प्रमाणात तिथे असेलही. पण संकल्पना म्हणून जर पाहिलं—’’

‘‘संकल्पनेला मुळं असतात का हो?’’ टाकेबाई त्यांच्याकडे वळल्या. ‘‘मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही, महिन्यात मरतील? हो की नाही तेवढं बोला.’’

सल्लागार खिडकीबाहेर पाहू लागले. सिस्टरांनी रुमाल तोंडाला लावला.

प्रशासक हुशार होते. हे प्रकरण ट्रस्टींपर्यंत गेलं तर कुणाकुणाचं नाक कापलं जाईल, हे त्यांनी क्षणात हेरलं. चेहऱ्यावर हसू आणून ते टंकलेखिकेकडे वळले. ‘‘लिहा. सदर बागेशी शिलाई विभागाचा कधीही कोणताही संबंध नसल्याने हा मेमो मागे घेण्यात येत आहे.’’ मग टाकेबाईंना म्हणाले, ‘‘झालं. तुमच्यावर काही ठपका नाही. जा बिनधास्त.’’

सिस्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. टाकेबाई दारापर्यंत गेल्यासुद्धा. तिथे थबकल्या. ते वाक्य त्यांच्या कानात आत्ता शिरलं होतं.

‘‘कधीही कोणताही संबंध नाही?’’

‘‘अहो, ती नुसती कार्यालयीन भाषा असते.’’

‘‘मेमो मागे घेऊ नका.’’

‘‘काय?’’

‘‘मागे घेऊ नका म्हणते मी.’’ त्या परत आल्या आणि मेमोवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘‘अकरा वर्षांत बाग माझी आहे असं तुम्ही एकाच कागदावर लिहिलंत. ते शिव्या द्यायला लिहिलंत, पण लिहिलंत. तो कागद मी परत देणार नाही.’’

‘‘बाई, सेवापुस्तकात शेरा येईल!’’

‘‘येऊ द्या. निष्काळजीपणा मला मान्य नाही, तसं मी खाली लिहून सही करते. पण बाग माझी, हे मान्य.’’

‘‘टाकेबाई, डोकं फिरलंय का तुमचं?’’ सिस्टर आता खरंच चिडल्या. ‘‘सुटलात ना? मग?’’

‘‘सुटले नाही सिस्टर, पुसली गेले.’’ मग प्रशासकांकडे वळून, ‘‘आणि बाग माझ्याकडे आहे, तर किल्ली कुठाय? नुकसान मी केलं ना? मग भरूनही मीच काढते. किल्ली द्या, नाहीतर लिहून द्या की मेमो खोटा होता आणि बाग यांनी मारली.’’

प्रशासकांनी दोन्हींचा विचार केला. किल्ली स्वस्त होती.

त्याच दिवशी दुपारी टाकेबाईंनी चौकाचं दार उघडलं आणि आधी पाइपाची चावी बंद केली. पुढचे दोन आठवडे सुट्टीत आणि सुटल्यावर काळी माती उपसणं चाललं. सिस्टर यायच्या, अबोला धरूनच बादली उचलायच्या. लाँड्रीतले बॉयलरवाले काका फावडं घेऊन आले. यजमानांनी एका रविवारी दुकान बंद ठेवलं आणि दिवसभर विटा फोडत बसले. दोनशेपैकी एकोणीस ठोंब हाताला टणक लागले. सगळे भिंतीच्या कडेचे, जिथे फवारा पोचला नव्हता. टाकेबाईंनी ते धुतले, छाटले, वाळवले, पुन्हा लावले. ट्रस्टी पाहणीला आले तेव्हा त्यांना विटांचा चुरा आणि एकोणीस चंदेरी झुबके दिसले. ‘‘हे काय आहे?’’ एकाने विचारलं. ‘‘बाग,’’ टाकेबाई म्हणाल्या. ‘‘माझी. शेरा बघा, लिहिलंय.’’

राग गेला, असं कुणी समजू नये. माहितीपत्रक कधीच दुरुस्त झालं नाही. सल्लागारांना दुसऱ्या शहरातलं मोठं काम मिळालं. शेरा सेवापुस्तकात राहिला, आणि त्यामुळे निवृत्तीच्या समारंभात प्रशस्तिपत्र द्यायला कार्यालयाने असमर्थता दाखवली. टाकेबाईंनी यातल्या प्रत्येक गोष्टीवर भरपूर आणि वेळोवेळी संताप केला. पण पहिल्या वर्षी फुलं थोडी आली, दुसऱ्या वर्षी बरीच.

शेवटच्या दिवशी त्यांना खोलीचा ताबा नव्या बाईकडे द्यायचा होता. भांडारातला कारकून यादी करायला खाली आला. मशीन एक, कात्र्या चार, इस्त्री एक, स्टूल एक.

‘‘झाडं लिहा,’’ टाकेबाई म्हणाल्या.

‘‘झाडांचा रकाना नाही, बाई.’’

‘‘मग आखा. मला घाई नाही.’’ आणि त्या स्टुलावर ऐसपैस बसल्या. नवी बाई दारात अवघडून उभी होती. कारकुनाने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा टाकेबाईंकडे, आणि पट्टी काढून रकाना आखला.

‘‘चंदेरी पानांची, लाल फुलांची, वर्षानुवर्षं टिकणारी झाडं. एकशे एकाहत्तर. पुढे लिहा: पाणी कमी.’’

कारकुनाने लिहून कागद सहीसाठी पुढे केला. टाकेबाईंनी चष्मा लावून वाचलं. त्याने लिहिलं होतं, ‘पाण्याची कमतरता आहे.’

‘‘फाडा हे,’’ त्या कडाडल्या. ‘‘असलं वाचून उद्या पुन्हा कुणीतरी पाइप घेऊन येईल! नवा कागद घ्या. मी सांगते तसं, एक-एक शब्द. आणि तुम्ही हो, दारात काय उभ्या राहिलात? आत या, जवळ बसा. हे तुम्हालाच वाचायचंय.’’